अक्काची पाठ

१६ जानेवारी १९७४, बुधवार

माफी असावी. दिवाळीनंतर थेट आज वही उघडली. रोज लिहीन म्हणालो होतो आणि दौतीतली शाई वाळून गेली. खोटं कशाला बोलू — लिहायला बसलो की एकच गोष्ट डोक्यात येते, आणि तीच लिहायची भीती वाटते.

गोष्ट अशी. परवा संक्रांतीला धाकटा माधवराव परभणीहून आला. कचेरीतला माणूस, त्याला सगळं कागदावर लागतं. तिळगूळ दिला, पाया पडला, आणि जेवताना म्हणाला, "आबा, जिवाईचं काय ते पाडव्याच्या आत लिहून टाका. पंच मी बोलावतो."

वाटणी झाली तेव्हा दोघा मुलांना सारखं दिलं आणि चार एकर माझ्या पोटासाठी मागे ठेवले. ती जिवाई. जो मुलगा म्हाताऱ्याचं शेवटपर्यंत करील, त्याची जिवाई. बापजाद्यापासून असंच आहे. किती सोपं! पण शेवटपर्यंत म्हणजे किती दिवस, हे कोणी बोलत नाही.

थोरला भगवानराव पेडगावातच माझ्याजवळ राहतो, शेती बघतो. तो नुसती भाकरी मोडत राहिला.

मी एकोणसत्तर वर्षांचा. सकाळी डावा हात बधीर असतो. मूठ आवळून बघतो — आवळते अजून.

२० जानेवारी, रविवार

आज दोनदा मूठ आवळून बघितली. तीनदा.

२३ जानेवारी, बुधवार

चारठाण्याहून माणूस आला होता बाजाराला. म्हणाला, अक्का तशीच आहे. म्हणजे बाजेवर. माझी थोरली बहीण कस्तुराबाई. तिला लकवा मारून दोन वर्षं होत आली, उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. मी दोन वर्षांत एकदाच गेलो, तेही दारातूनच बघून आलो. मन धजत नाही.

विचार केला — जाऊन राहावं. अशा माणसाला काय लागतं, किती लागतं, डोळ्यांनी बघावं. मग चार एकर पुरतील का ते कळेल. बियाणं किती लागेल ते वावर बघितल्याशिवाय कसं सांगणार?

आणि दुसरं एक. अक्काजवळ कोण आहे ते मला माहीत आहे. तिची सवत. अक्काला मूल झालं नाही म्हणून दाजींनी पस्तीस वर्षांपूर्वी दुसरी केली — मालनबाई. त्या वेळी मी चारठाण्याला जाऊन ओसरीत भांडलो होतो. मालनबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला तो मी अंगणात ओतला. पोर होती ती, विशीची. दाजी वारून सहा वर्षं झाली. आता अक्का तिच्या हातात! काय करत असेल ती अक्काचं? सूड घ्यायला याच्याहून बरी वेळ कोणती?

जातो. बघतो.

२९ जानेवारी, मंगळवार. चारठाणा

परभणी, जिंतूर, चारठाणा. तीन मोटारी. गुडघे गेले.

गुरांच्या वाडग्याच्या कडेच्या खोलीत दोघी राहतात. बाकी घर दाजींच्या पुतण्याकडे, मार्तंडकडे. जमीनही तोच कसतो, वर्षाचं धान्य टाकतो. "आमचं आम्ही देतो मामा, कधी चुकलं न्हाई," मला बघताच म्हणाला. मी विचारलंही नव्हतं.

मालनबाई दारात आली. केस पांढरे, हात लाकडासारखे. मला ओळखलं. एवढंच म्हणाली, "या भाऊ. घाण येती का ते बघायला आलाव?"

माझ्या मनात नेमकं तेच होतं.

घाण नव्हती. खोलीत शेणाच्या सारवणाचा आणि ओव्याच्या धुरीचा वास. अक्का बाजेवर. माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडानं हसली की रडली ते कळलं नाही.

मी म्हणालो, मला अक्काची पाठ बघायची. लाज सोडून म्हणालो. पडून राहिलेल्या माणसाची पाठ सडते हे मी ऐकलेलं.

मालनबाईनं अक्काला कुशीवर केलं आणि लुगडं बाजूला सारलं.

काय लिहू? दोन वर्षं! एक फोड नाही. एक चट्टा नाही. सत्तरी उलटलेल्या बाईची कातडी, सुरकुतलेली, पण न्हाऊ घातलेल्या लेकरासारखी कोरडी, स्वच्छ. मी हात लावून बघितला. कोमट होती.

मी बाहेर येऊन ओसरीवर बसलो. जेवलो नाही.

३० जानेवारी, बुधवार

आज नुसतं बघितलं आणि मोजलं. मोजायलाच आलो होतो.

आडाचं पाणी — चौदा घागरी. फडकी — धुतलेली, बावीस. सगळी जुन्या लुगड्यांची, काठ आणि शिवण उसवून काढलेली. "शिवण रुतती," म्हणाली. गावभर सांगून ठेवलंय तिनं, कोणाचं लुगडं विरलं की आधी हिच्याकडे येतं.

बाजेची सुंभाची वीण मधोमध सैल केली आहे, खाली टोपल्यात चुलीची राख. टोपलं दिवसातून पाच वेळा बदललं.

टाचेखाली, कमरेखाली, कानाखाली राळ्याच्या लहान लहान उश्या. बाळंतिणीच्या घरी तान्ह्याच्या डोक्याखाली ठेवतात त्या. नऊ उश्या! मी म्हणालो, ही अक्कल कोणी दिली? म्हणाली, "लेकराचं डोकं चपटं होऊ नये म्हनून ठिवतेत ना? मग टाचंनं काय घोडं मारलं?"

कूस बदलते मोटारीवर. सकाळची जिंतूरची मोटार वाजली की डावी कूस. दुपारची आली की पाठ. तिसऱ्या प्रहरी उजवी. रात्री मोटार नाही, मग? "रात्री ती कण्हती, न्हाई तर मला जाग येती. कोण तरी उठवतंच." दोन वर्षांत सलग झोप किती झाली असेल हिची? हिशेब करायला बसलो आणि सोडून दिला.

३१ जानेवारी, गुरुवार

आंबील पाजताना बघितलं. बोंडल्यानं — तान्ह्याला दूध पाजायच्या चोचीच्या भांड्यानं — पाजते, चांगल्या बाजूच्या गालातून, एक घोट. मग थांबते. अक्काच्या गळ्याची घाटी हलेपर्यंत दुसरा घोट नाही. एक वाटी आंबील — मी दोनदा ओसरीवर जाऊन आलो तरी संपली नव्हती. माझा जीव वर-खाली. तिचा नाही. ती तेवढ्यात भांडत होती!

खरंच भांडत होती. "त्या वर्षी पोळ्याला पुरणात मीठ कुणी टाकलं? मी? का तू? सांग की आता!" अक्काच्या घशातून गरगर आवाज आला. मालनबाई म्हणते, "बघा भाऊ, अजून कबूल करीना!"

मी विचारलं, कशाला तिला छळता?

"छळायलाव? तीस वर्षं तिनं तोंड चालवलं, मी ऐकलं. पहिल्या वर्षी मला गोठ्यात झोपायला लावलं हिनं. आता मी बोलायले, ती ऐकायली. बरोबरी व्हायला अजून लय वर्षं लागतेत. तवर मरू देत न्हाई मी तिला."

आणि अक्का हसत होती. आज मला नीट कळलं — हसतच होती. अर्धं तोंड, पण सबंध हसू.

२ फेब्रुवारी, शनिवार

आज मला कामाला लावलं. "बसून मोजता काय? धरा."

अक्काला वळवायचं. मी भाऊ असून तिच्या अंगाला हात लावताना कानशिलं तापली. कमरेखाली हात घालून उचलायला गेलो, पाठीत उसण भरली आणि अक्का कण्हली. मालनबाई ओरडली माझ्यावर — पुतण्याच्या घरापर्यंत ऐकू गेलं असेल.

"उचलायचं न्हाई! बसलेला बैल उचलून उठवता का? पुठ्ठ्यावर हात ठिवला की तो त्याचा उठतो. हिचा गुडघा मोडा. आता एक हात खांद्याला, एक खुब्याला. लोटू नका. वाट दाखवा नुसती."

गुडघा मोडला. हात ठेवले. आणि अक्का वळली! सगळं अंग आपसूक आलं माझ्याकडे, पाण्यात ओंडका फिरावा तसं हलकं. मी हात तसेच ठेवून उभा. साठ वर्षं शेती केली, नांगर धरला, मोट हाकली. हाताला असं कधी वाटलं नव्हतं.

"सोडा आता," मालनबाई म्हणाली. "देव धरल्यावानी उभं राहिलाव."

४ फेब्रुवारी, सोमवार

सहा वेळा वळवलं आज. पाच वेळा बरोबर.

चारठाण्यातली जुनी देवळं बघायला लांबून लोक येतात. काल शाळेतल्या मास्तरांनी विचारलं, खांब बघितले का? मी नाही म्हणालो. या खोलीतून पायच निघत नाही. तिकडे दगडाची कारागिरी, आठशे-हजार वर्षं टिकली म्हणतात. इथली रोज सकाळी पहिल्यापासून करावी लागते, आणि बघायला कोणी येत नाही.

दुपारी धीर करून विचारलं — पैसे देऊन हे करायला बाई मिळेल का?

"मिळंल की."

"किती दिवस?"

"एक."

माझे चार एकर! जिरायत, बरं पिकलं तर वर्षाची ज्वारी आणि थोडा कापूस. मनात रोज त्यातून काय काय विकत घेत होतो — भाकरी, औषध, एक गडी. या बाईचा एक दिवसही त्यात बसत नाही.

तिनं पाणी दिलं. मी प्यालो. ती बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसली. "उशीर केलाव भाऊ. तव्हाचं पाणी गार होतं."

७ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या निघतो. आज मार्तंडला विचारलं, मालनबाईचं पुढं काय? तो म्हणाला, "काकू हाय तवर हायच की." कोणती काकू, ते बोलला नाही.

मालनबाईला विचारलं, तुम्ही पडलात तर? ती फडकी पिळत होती. पिळतच राहिली.

११ फेब्रुवारी, सोमवार. पेडगाव

घरी आलो. भगवानरावाला सगळं सांगितलं — राख, उश्या, मोटारीवर कूस. तो म्हणाला, "करू की आबा. आम्ही काय परके हाव?" चांगला मुलगा आहे. पण बोलताना त्याची नजर आतल्या दाराकडे गेली. दारामागे त्याची बायको विमला कांडत होती.

आणि एकदम माझ्या डोक्यात आलं!

जिवाई ठरली तेव्हा पंच होते पाच. दोन मुलं, मी. आठ पुरुष ओसरीत बसून ठरवून मोकळे झाले की म्हाताऱ्याचं कोण करील. फडकी कोण धुणार? राख कोण टाकणार? तिला कोणी विचारलं? ती त्या दिवशी चहा घेऊन आली होती एवढं आठवतं.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

विमलाला विचारलं. सोपं नव्हतं. सून माझ्यासमोर येत नाही, बोलत नाही, बारा वर्षांत दाराआडूनच जे काय ते. मी ओसरीवर पाठ करून बसलो आणि बोललो. सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. म्हणालो, जमीन तुझ्या नावानं करतो. पण आधी सांग, करशील का?

दाराआड बांगड्या वाजल्या.

मग म्हणाली, "मामंजी, मला भ्या वाटतंय."

मी म्हणालो, कशाचं? माझं?

"माझी आजी अशीच पडली होती, आमच्या पोखर्णीला. मी बारा वर्षांची. आमी लय जीव लावला तिला. माय दिवसरात्र बसायची. तरी पाठ सडली. किडे झाले, मामंजी. आजी वरडायची, आन माय कानात बोटं घालून रडायची. जीव लावला न्हाई असं न्हाई. येत नव्हतं कुणाला."

ती पुढं म्हणाली,

"तुमाला जीव लावीन मी. पन मला येत न्हाई. कागदावर नाव टाकलं म्हनून हाताला येतंय का?"

एकोणसत्तर वर्षं जगलो आणि हे मला सुचलं नाही. मी समजत होतो की कोणाच्या मनात आहे आणि कोणाच्या नाही, एवढाच प्रश्न. हे येणं आणि न येणं असतं! नांगर धरायला बाप शिकवतो. भाकरी थापायला आई शिकवते. आणि हे? बाईच्या जातीला उपजत येतं असं धरून चाललो आम्ही सगळे.

१७ फेब्रुवारी, रविवार

मला जेवढं येतं तेवढं दाखवतो म्हणालो विमलाला. बाजेवर सरकीचं पोतं टाकलं, त्याला अक्का म्हणालो. पण पोत्याला गुडघा नाही! मग मीच आडवा झालो. विमलाचा पदर डोळ्यांवर ओढलेला, दिसत काही नव्हतं. मी म्हणालो, पोरी, पदर मागे घे, नाहीतर पाडशील मला.

घेतला. बारा वर्षांत पहिल्यांदा मी तिचं तोंड बघितलं. कपाळावर गोंदलंय तिच्या.

"एक हात खांद्याला, एक खुब्याला. लोटू नको. वाट दाखव."

आणि मी वळलो! मला कळलंसुद्धा नाही कसा वळलो. जोर लागला नाही, भीती वाटली नाही. वळवणाऱ्याला काय वाटतं ते मला माहीत होतं. वळणाऱ्याला काय वाटतं ते आज कळलं. डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात भगवानराव बैल सोडून आत आला.

"आबा! काय झालं? विमल, काय करायलीस तू आबाला?"

"काय न्हाई," मी बाजेवरूनच म्हणालो. "मी पडलोय. तू पण शीक."

तो दारातच उभा. विमला तोंडात पदर कोंबून हसत होती. पण तोही आला शेवटी. त्याचा हात जड आहे, मला पालथा पाडलं.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

विमलानं विचारलं, पाणी पाजताना ठसका लागला तर काय करायचं? अंगाला खाज सुटली तर? माणूस बोलत नसलं तर दुखतंय ते कसं कळतं? मला एकाचंही उत्तर आलं नाही. मी आठ-दहा दिवस बघितलं आणि दोन हात शिकलो. बाकी सगळं मालनबाईच्या हातांत आहे. किती आहे तिच्याजवळ!

होळी झाली की विमलाला घेऊन चारठाण्याला जाईन म्हणालो. ती हो म्हणाली.

१२ मार्च, मंगळवार

तीन दिवस अंगात ताप. लिहवत नाही. दुपारी कार्ड आलं. अक्का गेली. परवा. आंबिलीचा घोट घेतला आणि दुसऱ्या घोटाच्या आधी गेली असं मार्तंडनं लिहिलंय. मला उठवत नाही, भगवानराव गेला.

१३ मार्च

अक्का.

२१ मार्च, गुरुवार

ताप उतरला. भगवानराव दहावा करून आला. म्हणाला, तिला शेवटची अंघोळ घालणाऱ्या बायका गावात सांगत फिरल्या — एवढी वर्षं पडलेली बाई, पण पाठ बघावी तर कशी! बाया लांबून हात जोडत होत्या म्हणे.

मग म्हणाला, मार्तंडनं सगळ्यांच्या देखत सांगितलं मालनबाईला, तेरावा झाला की खोली मोकळी करा, आम्हाला कडबा टाकायचाय. थोरल्या काकूसाठी ठेवलं होतं तुम्हाला, ते काम झालं. ती राळ्याच्या उश्या एका फडक्यात बांधत होती.

मी म्हणालो, तिला इथं आणू. भगवानराव म्हणाला, "ती आपली कोण, आबा?" दाराआडून विमला म्हणाली — नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर, मोठ्यानं — "मला शिकवनारी हाय ती."



२२ मार्च, शुक्रवार

परवा पाडवा, पंच यायचे. कागदात काय लिहायचं ते ठरलं. आधी ही चिठ्ठी. वहीत लिहून बघतो, मग कार्डावर उतरवतो.

मालनबाईस रंगनाथचा नमस्कार. माझी चार एकर जिवाई आता दोघांची, तुमची आणि माझी, जिवंत आहोत तोवर. मग विमलाची. मी तुमच्याकडून करून घ्यायला बोलावत नाही. तुमचं वय झालं, हात थकले. तुम्ही आधी पडलात तर कूस मी बदलीन, पाणी विमला पाजेल, चुकलो तर तुम्ही ओरडा. उश्या घेऊन या. पेडगावच्या फाट्यावर गाडी घेऊन थांबतो, पण कोणत्या दिवशी ते कळू द्या. वाट बघवत नाही. लवकर कळवा, मालनबाई.